तात्याची वही

वहीची पहिली चार पानं नुसत्या आकड्यांची आहेत. १० पाउंड ४ औंस. १० पाउंड ५ औंस. १० पाउंड ३ औंस. दर रविवारी सकाळी, खायला घालायच्या आधी, तान्ह्या बाळांच्या वजनकाट्यावर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "वजन लिहून ठेवा. अर्धा पाउंड उतरलं तर पुढच्या रविवारची वाट बघू नका, फोन करा." मांजर दुखणं लपवतं. केसांखाली हाडं हाताला लागायला लागली की मग आपल्याला समजतं, आणि तोवर महिना गेलेला असतो. काटा आधी सांगतो.

पाचव्या पानापासून आकड्यांच्या शेजारी ओळी यायला लागल्या. ही टिपणं त्यातलीच.

*

तात्या आला तेव्हा पाऊस होता. सॅक्रामेंटोला पाऊस हिवाळ्यात पडतो; इतकी वर्षं झाली तरी जानेवारीतल्या पावसाची मला सवय झालेली नाही. मागच्या अंगणात संत्र्याच्या झाडाखाली एक बोका बसला होता. गाल फुगलेले, डावा कान फाटलेला, उजव्या पुढच्या पायावर लिंबाएवढं गळू. मी सरकतं दार उघडलं तर पळाला नाही, नुसता बघत राहिला. माझ्या आजोळी वाड्याच्या ओट्यावर असेच बसणारे एक तात्या होते. नाव तिथेच पडलं.

अकरा दिवस तो ओसरीवर जेवला. बाराव्या दिवशी पिंजऱ्यात घालून दवाखान्यात नेला, गळू फोडायला आणि नसबंदी करायला. बेवारस बोका म्हटल्यावर रक्त तपासतातच. दोन-तीन थेंब, दहा मिनिटं. पांढऱ्या चौकटीत एक निळा ठिपका उमटला, जो उमटायला नको होता. एफआयव्ही. मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू.

त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ठिपका दाखवला आणि त्याच दमात विचारलं, आजच झोपवायचं का? भूल उतरायच्या आतच करून टाकू, त्याला कळणारही नाही. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटत होतं, हीच दया. मला तेव्हा या आजारातलं काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आजी म्हणायची, हातून मांजर मेलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं. मला त्या क्षणी तेवढंच आठवलं. मी त्याला घरी घेऊन आले.

*

आईला मिरजेला फोन केला. ती म्हणाली, "अगं, बोका कशाला घरात घेतलास? आणि तोही असल्या रोगाचा? पोरं आहेत घरात."

तिची भीती खोटी म्हणता येत नाही, कारण सगळे त्याला "मांजरांचा एड्स" म्हणतात. या नावाने जितकी मांजरं मारली असतील, तितकी विषाणूने मारली नसतील, असं मला वाटायला लागलं आहे. हा विषाणू माणसाला होत नाही. कुत्र्याला होत नाही. मांजराने बोचकारलं, चाटलं, अंथरुणात झोपलं तरी होत नाही. शोध लागला तेव्हाच्या पहिल्या निबंधातही मांजराकडून माणसाला लागण होत असल्याचा पुरावा नाही, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पण नाव आधी पोचलं, वाक्य मागे राहिलं.

*

तो शोध इथून वीस मिनिटांवर लागला. योलो कॉजवेवरून पश्चिमेला गेलं की डेव्हिस. तिथल्या विद्यापीठात पशुवैद्यकाची मोठी शाळा आहे. १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडच्या पेटालुमा गावात, एका ठिकाणी सांभाळलेल्या मांजरांपैकी एकाच खणातली मांजरं एकामागून एक खंगायला लागली. हिरड्या सुजलेल्या, नाक वाहतंय, जुलाब, वजन उतरतंय. तोवर माहीत असलेल्या रक्ताच्या कर्करोगाच्या विषाणूसाठी सगळी तपासली, तर एकातही तो नाही. रक्त डेव्हिसला नील्स पीडरसन आणि जॅनेट यामामोतो यांच्याकडे पोचलं. त्यांना एक नवा विषाणू सापडला, माणसांतल्या एचआयव्हीच्या कुळातला. १९८७ साली 'सायन्स' नियतकालिकात तो निबंध आला. आजारी २५ मांजरांपैकी १० मांजरांत या विषाणूच्या खुणा होत्या. धडधाकट १८ मांजरांपैकी फक्त एकात.

मला त्या एका मांजराचं कुतूहल आहे. खुणा रक्तात, आणि तब्येत ठणठणीत. सगळं उत्तर खरं तर त्या एका मांजरात होतं. या विषाणूच्या कुळाचं नावच 'लेंटी', म्हणजे संथ. लागण झाल्यावर थोडे दिवस ताप, गाठी सुजतात, मग वर्षानुवर्षं काही नाही. पुष्कळ मांजरं म्हातारपणी मूत्रपिंडाने किंवा आणखी कशाने जातात, या विषाणूने जातच नाहीत.

*

त्याच १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातले एचआयव्हीचे पहिले रुग्ण हुडकले. सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासला स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. पुढे १९९३ साली त्यांनी वडिलांच्या नावाने वाय. आर. गायतोंडे केंद्र काढलं. ज्यांना कुणी शिवत नव्हतं अशा माणसांना तिथे तपासलं जायचं, औषध दिलं जायचं. मांजराच्या वहीत त्यांचं नाव लिहिताना मी थबकले. मग लिहिलं. दोन्हीकडे आधी नावाची भीतीच घालवावी लागली, उपचार नंतर.

*

विषाणू रक्तातून काढून का टाकता येत नाही, असं धाकट्याने विचारलं. त्याला मी सातबाऱ्याचं उदाहरण दिलं, आणि मग त्याला सातबारा म्हणजे काय ते सांगण्यात अर्धा तास गेला. पण उदाहरण बरोबर आहे. हा विषाणू पेशीत शिरला की स्वतःचा मजकूर पेशीच्या जनुकांच्या भाषेत उतरवतो आणि तो तिथेच जोडून टाकतो. एकदा सातबाऱ्यावर नाव चढलं. आता ती पेशी जगेल तोवर आणि तिच्या वारस पेशींवरही ते नाव राहणार. औषध नव्या नोंदी थांबवू शकतं. जुनी नोंद कुणाला खोडता येत नाही.

झिडोव्हुडीन, ज्याला सगळे एझेडटी म्हणतात, नेमकं हेच करतं. विषाणू आपली साखळी गुंफत असतो, त्यात हे औषध एक खोटी कडी सरकवतं. तिला पुढची कडी अडकवायला आकडाच नसतो. साखळी तिथे तुटते.

*

माणसांसाठी आहेत तेवढी सगळी औषधं मांजराला का देत नाहीत? विषाणू एकाच कुळातले असले तरी सख्खे भाऊ नाहीत. नेविरापीनच्या जातीची औषधं मांजराच्या विषाणूला लागूच पडत नाहीत. कुलूप तेच दिसतं, पण किल्ली बसत नाही. एचआयव्ही आत शिरायला पेशीवरचं जे दार वापरतो, तेही हा वापरत नाही, दुसरंच वापरतो. उरलं एझेडटी. तेही सगळ्यांना नाही. तोंड सडलेलं असेल, मेंदूवर परिणाम दिसत असेल, तर. आणि वेळोवेळी रक्त तपासून, कारण ते तांबड्या पेशी कमी करतं.

*

तात्याला तोंडासाठी एझेडटी सुरू झालं. त्याची मात्रा वजनावर ठरते, दिवसातून दोनदा. म्हणजे रविवारचा आकडा आता औषधाचा हिशेब झाला.

माणसांच्या पोरांसाठी याचं स्ट्रॉबेरीच्या चवीचं सरबत मिळतं. पहिल्या दिवशी तात्याने ते भिंतीवर थुंकून टाकलं. तोंडाला फेस, लाळेची तार, आणि पलंगाखाली दीड तास. नंतर वाचलं की मांजराला गोड चव कळतच नाही. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिलं की गोडाची चव ओळखणाऱ्या जोडीतलं एक जनुक मांजराच्या कुळात मोडलेलं आहे. वाघ-चित्त्यांतही तसंच. म्हणजे त्याच्या जिभेला साखर नव्हतीच, होता तो नुसता कडवटपणा आणि परका वास.

आता औषधं हाताने बनवून देणाऱ्या दुकानातून कोंबडीच्या चवीचं आणते. टॉवेलात गुंडाळायचं, मागून धरायचं, सुळ्यामागच्या फटीतून सिरिंजचं टोक आत, थेंब थेंब. मान वर करायची नाही, ठसका लागतो. मग एक चमचा कोमट पाणी घातलेलं खाणं. कोरडी गोळी दिली तर त्यावर पाणी द्यायलाच हवं. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत चिकटून राहिली तर तिथे व्रण पडतो, नळी आक्रसते. चमचाभर पाण्याने हे टळतं.

*

एझेडटी माणसांसाठी अमेरिकेत १९८७ च्या मार्चमध्ये मंजूर झालं. तेव्हा त्याच्या किमतीवरून रस्त्यावर मोर्चे निघाले होते. मुंबईच्या सिप्लाने, जी ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ साली काढली, नव्वदच्या दशकात ते भारतात बनवायला घेतलं. २००१ साली त्यांचे चिरंजीव युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा ३५० डॉलरला देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव तेव्हा दहा हजारांच्या वर होता. आज माझ्यासारखी कुणीही एका बेवारस बोक्यासाठी हे औषध सहज आणू शकते, त्यामागे ती सगळी भांडणं आहेत. औषध काढताना हे मनात असतं.

*

शेजारणीकडे आलेलं दोन महिन्यांचं पिल्लू. त्याच्याही तपासणीत तोच ठिपका. ती रडत आली. मी तिला म्हटलं, थांब. एफआयव्हीची ही तपासणी विषाणू शोधत नाही, विषाणूविरुद्ध शरीराने केलेली प्रतिद्रव्यं शोधते. ती पिल्लाला आईच्या दुधातून मिळतात. आईला लागण असली तरी पिल्लाला बहुतेक वेळा नसते. सहा महिने उलटल्यावर परत तपास. तपासलं. ठिपका नाही. पिल्लू आता तिच्या पियानोवर झोपतं.

आणखी एक घोळ होता. २००२ साली या विषाणूवर लस निघाली, यामामोतोबाईंच्याच संशोधनातून. त्या तोवर फ्लोरिडा विद्यापीठात गेल्या होत्या. लस टोचलेल्या मांजरांच्या रक्तातही तीच प्रतिद्रव्यं यायची. म्हणजे हरवलेलं, लस घेतलेलं, धडधाकट मांजर निवाऱ्यात आलं की तपासणीत आजारी ठरायचं. लस सगळ्या उपप्रकारांना पुरतही नव्हती. अमेरिकेतून ती पुढे गेलीच. चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टीने मांजरं मेली असतील, हे मला फार लागतं.

*

शेवंती.

तिच्याबद्दल लिहायचं टाळत होते. निवाऱ्यातून तात्पुरती सांभाळायला आणलेली, पाच महिन्यांची, पिवळीधमक. तिला दुसरा विषाणू होता, एफईएलव्ही, रक्ताच्या कर्करोगाचा. हा आधीचा, ग्लासगोला विल्यम जॅरेट यांनी १९६४ साली शोधलेला. एकाच घरातल्या मांजरांना एकामागून एक गाठीचा कर्करोग होतोय, हे एका डॉक्टरच्या नजरेला आलं आणि तिथून तो सापडला.

तात्याचा विषाणू भांडणातून पसरतो. बोके एकमेकांना चावतात, दात खोल जातो, लाळ रक्तात मिसळते. म्हणून नसबंदी केलेल्या, न भांडणाऱ्या मांजरांच्या घरात तो सहसा पसरत नाही. शेवंतीचा विषाणू मायेतून पसरतो. आई पिल्लाला चाटते, दोघं एका वाडग्यात जेवतात, एकमेकांचे कान साफ करतात. जितकी माया, तितकी लागण. म्हणून ती वरच्या खोलीत, तात्या खाली. मी खाली यायच्या आधी हात साबणाने धुवायची. तेवढं पुरतं, बाहेरच्या हवेत हा विषाणू फार टिकत नाही, साध्या साबणाने मरतो. दार बंद असूनही ती दाराखालच्या फटीतून पंजा काढून बसायची. त्या पंज्याला कुणी हात लावला की घुरघुर सुरू.

या विषाणूशी गाठ पडलेल्या मांजरांच्या तीन वाटा असतात. काहींचं शरीर त्याला सुरुवातीलाच हाकलून लावतं. काहींत तो दबून राहतो. रक्तात दिसत नाही, पण हाडांच्या मगजात त्याची नोंद असते, आणि अशा मांजराचं रक्त दुसऱ्याला दिलं तर त्यातून जातो. तिसऱ्या वाटेवरच्यांच्या रक्तात तो वाढतच राहतो. एका तपासणीवर वाट कळत नाही, म्हणून पुन्हा तपासायचं. शेवंतीची तिसरी वाट होती.

हिरड्या पांढऱ्या झाल्या तेव्हा सोमवार होता. मांजराचा ओठ वर करून हिरडीवर बोट दाबायचं, सोडायचं, गुलाबी रंग परत येतो का बघायचं. तिचा रंग परत येण्यासारखा उरलाच नव्हता. तांबड्या पेशींचं प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असतं. तिचं १३. डॉक्टरीणबाईंनी आधी तिचा रक्तगट पाहिला. मांजरांत ए, बी आणि एबी असे गट असतात. बी गटाच्या मांजराला ए गटाचं रक्त चढवलं तर पहिल्याच वेळी जीव जाऊ शकतो, त्याला आधी कधी रक्त चढवलेलं असायला लागत नाही. ती ए गटाची निघाली. एका धिप्पाड पाळीव बोक्याचं रक्त तिला चढलं. दुसऱ्या दिवशी २३. ती उठली, खिडकीत बसली, चिमण्यांकडे बघून जबडा कटकट वाजवला. मी आईला व्हिडिओ पाठवला.

तीन आठवड्यांनी १२. मगज नव्या पेशी करतच नव्हता. एझेडटी देता आलं नाही. ज्याने तांबड्या पेशी घटतात ते औषध तिला कसं देणार? दुसऱ्यांदा रक्त द्यायचं का, यावर मी आणि डॉक्टरीणबाई बराच वेळ बोललो. मग नाही ठरवलं. घरीच, माझ्या मांडीवर, दुपारी. त्या येऊन करून गेल्या.

हेही लिहून ठेवायला हवं की सगळ्यांची तिसरी वाट नसते, आणि त्या वाटेवरही वर्षानुवर्षं चांगली जगणारी मांजरं आहेत. टेक्ससच्या ऑस्टिनमध्ये 'ऑस्टिन पेट्स अलाइव्ह' नावाची संस्था अशी मांजरं लोकांना सांभाळायला देते, आणि लोक नेतात. जितके दिवस आहेत तितके दिवस, हे ठाऊक असून नेतात.

*

या रक्ताच्या विषाणूवर लस आहे, १९८५ पासून. लागण झाल्यावर तिचा उपयोग नाही, आधी द्यावी लागते. शेवंतीच्या आईला कुणी दिली नव्हती.

*

२००४ साली अमेरिका-कॅनडात १८ हजारांवर मांजरं तपासली, तेव्हा रक्ताच्या विषाणूचं प्रमाण २.३ टक्के निघालं आणि तात्याच्या विषाणूचं २.५. आजारी, बाहेर भटकणाऱ्या आणि बोके असलेल्यांत जास्त. शंभरांत दोन-तीन म्हणजे इथल्या प्रत्येक गल्लीत.

मिरजेच्या वाड्यातले बोके आठवतात. कान फाटलेले, गालावर जखमा, आजी हळद लावायची. मग एक दिवस यायचे बंद व्हायचे. "गेला असेल कुठे," एवढंच कुणीतरी म्हणायचं. त्यांतल्या किती जणांना हेच झालं असेल? कुणी तपासलं नाही, कुणी लिहिलं नाही.

*

कांदा-लसूण. आपल्या स्वयंपाकघरातली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, पूड, कसाही. मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. ज्या मांजराचं रक्त आधीच कमी आहे, त्याला रश्श्यातला तुकडा धुऊन दिला तरी नको; रस आत मुरलेला असतो. कोंबडी वेगळी उकडायची, मीठही न घालता. आणि क्रोसिनची गोळी तर कधीच नाही. एका गोळीने मांजर मरतं. त्याच्या यकृताला ती पचवता येत नाही.

कच्चं मांसही बंद. इकडे नैसर्गिक म्हणून ते देण्याची मोठी टूम आहे. प्रतिकारशक्ती शाबूत असलेलं मांजर त्यातले जंतू कदाचित निभावेल, तात्याला ती चैन परवडणारी नाही. २०२४ च्या अखेरीस ओरेगॉनमध्ये एक घरातलं मांजर बर्ड फ्लूने गेलं, कच्च्या खाद्यातून.

*

रेशीमकिड्याचं औषध. मांजराचं इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीर स्वतः करतं ते द्रव्य, जपानी संशोधकांनी रेशमाच्या किड्यांकडून बनवून घेतलं. पैठणीच्या मुलखातून आलेल्या बाईला हे वाचून किती बरं वाटावं. युरोपात ते मांजरांच्या या दोन्ही विषाणूंसाठी मान्य झालं, अमेरिकेत परवाना नव्हता, परदेशातून मागवायला लागायचं. २००६ साली अमेरिकेच्या शेतीखात्याने गाईच्या थायमस ग्रंथीच्या पेशींपासून केलेल्या एका प्रथिनाला सशर्त परवाना दिला.

दोन्हींवर मी डॉक्टरीणबाईंना खोदून खोदून विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं: पुरावा तोकडा आहे, महाग आहे, काहींना बरं वाटतं. तेवढ्या पैशांत त्याचं तोंड नीट करून घ्या. मला हा सल्ला शंभर टक्के पटला.

*

तोंड. तात्याचं खरं दुखणं ते होतं.

जांभई देताना तो मध्येच थांबायचा. वाडग्याकडे धावत यायचा, एक घास घ्यायचा, आणि कुणी चटका दिल्यासारखा मागे उडी मारायचा. मग वाडग्यावरच फिस्कारायचा. पंजाने गाल ओढायचा. जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे वरची आणि खालची हिरडी मिळते, तिथे लालभडक, वाळूसारखं खरखरीत मांस वाढलं होतं. हात लागला की रक्त. शरीर स्वतःच्याच दातांवरच्या थराशी लढत राहतं आणि लढाई आपल्याच हिरडीवर होते.

एझेडटीने सूज उतरली, पुरती नाही. मग सगळे दात काढायचं ठरलं. मी दोन रात्री झोपले नाही. मांजराचे सगळे दात काढायचे! शिकारी जनावर ते. आई फोनवर म्हणाली, "बाबांची कवळी बसवली तेव्हा मलाही असंच वाटलं होतं. पण त्या महिन्यात ते वर्षात पहिल्यांदा भाकरी खाऊन उठले." तात्याबद्दल तिने आपणहून काही बोलण्याची ती पहिली वेळ.

अडीच तास भूल. प्रत्येक मूळ निघालं की नाही ते क्ष-किरणाने बघून. घरी आला तेव्हा हनुवटीवर वाळलेलं रक्त, डोळ्यांच्या बाहुल्या दुखण्याच्या औषधाने ताटलीएवढ्या. पाचव्या दिवशी उकडलेली कोंबडी बारीक करून कोमट पाण्यात कालवून ठेवली. तो आला, वास घेतला, मागे सरायच्या तयारीत अंग आखडलं. एक घास. थांबला. पुढचा. वाडगा चाटून पुसून झाल्यावर त्याने जांभई दिली, पूर्ण, कानापर्यंत.

त्या रविवारी ९ पाउंड ११ औंस. महिन्याने १० पाउंड २.

*

भूक लागण्याचं औषध कानाला लावायचं. मिर्टाझापीनचं मलम, मांजरांसाठी २०१८ साली इथे मान्य झालेलं. हातमोजा घालून, कानाच्या आतल्या उघड्या कातडीवर, आज डावा, उद्या उजवा. तासाभरात तात्या फ्रिजसमोर उभा राहून ओरडायला लागला. गोळीची मारामारी नाही.

*

फ्लोरिडाच्या दलदलीतले पँथर, म्हणजे डोंगरी सिंहांचं तिथलं उरलेलं छोटंसं कुळ. २००१ ते २००४ च्या सुमाराला त्यांच्यात रक्ताचा विषाणू शिरला, पाळीव मांजराकडून. पँथर मांजर खातो. पाच गेले. मग वनखात्याच्या लोकांनी पँथर पकडून पकडून त्यांना घरच्या मांजरांची लस टोचली, आणि साथ थांबली. मांजर घरात ठेवा असं सांगितलं की लोकांना ते कैदेसारखं वाटतं. त्यांना मी ही हकीकत सांगते.

*

पीडरसन यांचं नाव परत आलं. मांजरांच्या एका कोरोना विषाणूतून पोटात पाणी होण्याचा आजार होतो; लहान मांजरं त्याने हमखास मरायची. निवृत्तीच्या वयात त्यांनी जीएस-४४१५२४ नावाच्या द्रव्यावर काम केलं आणि २०१९ साली दाखवलं की १२ आठवड्यांच्या इंजेक्शनांनी बहुतेक मांजरं बरी होतात. ३१ पैकी २५ जगली. औषध बाजारात मात्र नव्हतं. तेव्हापासून पाच वर्षं लोकांनी बिनलेबलाच्या बाटल्या परदेशातून आणून, ओळखीपाळखीने, स्वयंपाकघरात बसून आपल्या मांजरांना टोचल्या. ८४ दिवस, रोज. २०२४ च्या जूनपासून ते इथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कायदेशीर मिळायला लागलं.

ज्या आजाराला कालपर्यंत "झोपवा" हेच उत्तर होतं, त्याला आज ८४ दिवसांचं उत्तर आहे. आमच्या पहिल्या डॉक्टरांची आठवण झाली.

*

अमेरिकेतल्या मांजरांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे: केवळ तपासणीचा निकाल आला म्हणून मांजराला मारू नका. आमच्या डॉक्टरीणबाईंकडे ती पानं छापलेली आहेत. मी एक प्रत मागून घेतली, आणि पहिल्या दवाखान्यात नेऊन दिली. त्यांनी ती घेतली. वाद घातला नाही. "बोका कसा आहे?" एवढं विचारलं.

*

रात्री अडीच. तात्या शिंकतोय. शिंक म्हणजे शिंक, पण या वहीतल्या मांजराची शिंक. उठून नाक बघितलं: पाणी स्वच्छ, पिवळं नाही. ताप नाही. खाल्लं. लिहून ठेवलं. चोवीस तासांत थांबली नाही तर फोन. त्याच्या उपचारातला मोठा भाग हाच आहे: दुसऱ्या मांजराच्या बाबतीत जिथे आठवडा थांबलो असतो, तिथे एक दिवस थांबायचं.

सकाळी थांबली.

*

रविवार. १० पाउंड ६ औंस. आता काटा खाली ठेवला की तो स्वतः येऊन बसतो, कारण उतरल्यावर कोंबडी मिळते हे त्याला कळलं आहे.

तेवढ्यात आईचा फोन. मिरजेला रात्र झालेली. "किती भरला?" मी सांगितलं. "पाउंडात नको, किलोत सांग." ४ किलो ७००. पलीकडे कागद फडफडला. कालनिर्णयवर, दूधवाल्याच्या हिशेबाच्या चौकोनात, ती गेले सात महिने दर रविवारी त्याचं वजन लिहिते आहे. "मागल्यापेक्षा पन्नास ग्रॅम जास्त," ती म्हणाली. "दाखव जरा त्याला."